मेंदूतील गाठ: सुईने काढलेला तुकडा आणि त्याच वेळी पाहिलेल्या पेशी

आपण जे विचारले आहे ते आधी माझ्या शब्दांत पुन्हा मांडते, म्हणजे समजण्यात काही चूक झाली असेल तर ती आपल्या लक्षात येईल. आपले वडील ५८ वर्षांचे असून सोलापुरातच यंत्रमागावर काम करतात. दीड महिन्यापासून त्यांचे डोके पहाटे दुखते, आणि तुटलेला धागा सांधताना उजव्या हाताची बोटे साथ देत नाहीत हे त्यांना स्वतःलाच जाणवले. एमआरआयमध्ये डाव्या थॅलॅमसपाशी, म्हणजे मेंदूच्या बऱ्याच आतल्या भागात, सुमारे ३ सेंटिमीटरची आणि कडेने कॉन्ट्रास्ट (स्कॅनसाठी शिरेतून दिलेले औषध) घेणारी गाठ दिसली. ती उघडून काढण्यात धोका फार आहे, म्हणून आधी डोक्याला फ्रेम लावून सुईने बायोप्सी करावी असे न्यूरोसर्जननी सांगितले आहे. खर्चाच्या कागदावर मात्र बायोप्सीच्या तपासणीखेरीज ‘ऑपरेशन चालू असताना पेशींची तपासणी’ अशी वेगळी नोंद आहे. तेव्हा आपले म्हणणे असे, की पेशी पाहून निदान होत असेल तर रिपोर्टसाठी दहा-बारा दिवस का थांबायचे, आणि होत नसेल तर ती तपासणी करायचीच कशासाठी? सुई लागल्याने गाठ पसरते, असे शेजारच्यांनी सांगितल्याची भीतीही आपण शेवटी लिहिली आहे.

मी सोलापुरात गेली बावीस वर्षे पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करते. अक्कलकोट, बार्शी, तुळजापूर, इकडे इंडी आणि विजयपूर या सगळ्या बाजूंचे रुग्ण या शहरात येत असल्याने मेंदूच्या गाठींचे काम माझ्याकडे नियमित येते, आणि सुईची बायोप्सी असली की मी मायक्रोस्कोप घेऊन ऑपरेशन थिएटरशेजारच्या खोलीत बसते. वडिलांचे एमआरआय मी पाहिलेले नाही, त्यामुळे त्यांची गाठ कोणती असेल याबद्दल मी काही सांगणार नाही. परंतु त्या दोन तपासण्या कशासाठी असतात हे मी रोजच्या कामावरून सांगू शकते.

एकच तपासणी दोनदा होते, असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात त्या तुकड्याला दोन निरनिराळे प्रश्न विचारलेले असतात. पहिला प्रश्न सर्जनचा असतो आणि त्याचे उत्तर त्यांना सुई डोक्यात असतानाच हवे असते: आपण योग्य जागी पोचलो आहोत का, हाती आलेल्या तुकड्यात निदान करण्याजोगे काही आहे का, की आणखी एक तुकडा घ्यावा लागेल? दुसरा प्रश्न पुढे उपचार करणाऱ्या कॅन्सरतज्ज्ञांचा असतो: गाठीचे नेमके नाव काय, तिची ग्रेड, म्हणजे आक्रमकपणाची पातळी, कोणती, आणि तिच्यावर कोणती औषधे चालतील? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पेशींची तपासणी पंधरा-वीस मिनिटांत देते. दुसऱ्याचे उत्तर घाईने देण्याची सोय नाही.

पहिल्या प्रश्नाला एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी सुई काय करते ते पाहावे लागेल. डोक्याला चार टोकांवर घट्ट बसवलेली धातूची चौकट असते. ती लावून सीटी स्कॅन काढतात आणि गाठीतील ठरवलेल्या बिंदूचे तिन्ही दिशांचे माप त्यावरून निघते. कवटीला लहानसे छिद्र पाडून त्या मापाने सुई आत जाते. या सुईचे टोक बंद व बोथट असते. टोकाच्या किंचित मागे, बाजूला, साधारण १ सेंटिमीटरची खिडकी असते. सिरिंजने हलकी ओढ दिली की ऊती त्या खिडकीत येते, आणि आतली नळी फिरवली की ती कापली जाते. हाती येतो तो तुकडा शेवईच्या मोडलेल्या काडीएवढा असतो: जाडी एक-दीड मिलिमीटर, लांबी काही मिलिमीटर. काही ठिकाणी चौकटीऐवजी नॅव्हिगेशन यंत्र वापरतात, पण तुकडा तेवढाच मिळतो.

आता ३ सेंटिमीटरच्या गाठीतून शेवईच्या काडीएवढा तुकडा आला, तर तो संपूर्ण गाठीविषयी बोलेल याची खात्री काय? कडेने कॉन्ट्रास्ट घेणाऱ्या गाठीचा मधला भाग बहुधा मृत झालेला असतो. तिथला तुकडा घेतला तर त्यात ओळखण्यासारखी पेशीच नसते. कडेच्या बाहेर गेलो तर नुसती सूज आलेला मेंदू मिळतो. बोलका भाग या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात असतो, आणि तो काही ठिकाणी चार-पाच मिलिमीटरच असतो. यंत्राचे माप अचूक असूनही तुकडा निरुपयोगी निघू शकतो, तो यामुळे. असा तुकडा कोणीही न पाहता थेट फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे ऊती टिकवणाऱ्या द्रवात, गेला, तर चार दिवसांनी रिपोर्ट येतो की यात केवळ मृत ऊती आहे, आणि रुग्णाला पुन्हा सगळ्यातून जावे लागते. उलट प्रत्येक जादा तुकड्याबरोबर रक्तस्रावाची शक्यता थोडी वाढते, त्यामुळे ‘असू द्या आणखी चार’ असेही सर्जनला म्हणता येत नाही. किती तुकडे घ्यायचे आणि कुठे थांबायचे, हे त्याच वेळी पाहिलेल्या पेशी सांगतात. वडिलांच्या बाबतीत त्या वेगळ्या नोंदीचा खरा उपयोग हा आहे.

ही तपासणी प्रत्यक्षात कशी होते तेही सांगते, कारण तिचे यश बारीकसारीक गोष्टींवर असते. तुकडा माझ्याकडे कोरड्या गॉजवर येऊ नये असा माझा आग्रह असतो, कारण गॉज त्यातले पाणी शोषते आणि पेशी आक्रसतात. सलाइनमध्ये तरंगत आला तर त्या फुगतात. किंचित ओलसर, स्वच्छ पृष्ठभागावर झाकून आला की बरा. मी आधी तो भिंगाखाली नुसता पाहते. राखाडी, पारदर्शक दिसणारा भाग, पिवळट ठिसूळ भाग आणि पांढराशुभ्र भाग हे वेगवेगळे काही सांगत असतात, म्हणून प्रत्येकातला मोहरीच्या दाण्याहूनही लहान अंश टोकदार पात्याने उचलते. तो काचेच्या स्लाइडवर एका टोकाला ठेवून त्यावर दुसरी स्लाइड टेकवायची, अंगठ्याने बेताने दाबायचे आणि दोन्ही काचा एकमेकींवरून सरकवत वेगळ्या करायच्या. यालाच आम्ही स्क्वॉश म्हणतो. काचा वेगळ्या होताक्षणी, वरची ओल मावळण्याच्या आत, स्लाइड ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडाली पाहिजे. दोन-तीन सेकंदांचाही उशीर झाला तर केंद्रके फुगतात आणि त्यांचा बारीक पोत हरवतो. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडची हवा किती कोरडी असते हे आपण जाणताच. त्या दिवसांत मी आधी शेजारच्या खोलीतला पंखा बंद करून घेते आणि मगच तुकडा मागवते.

काचा सरकवताना अंगठ्याखाली जे जाणवते तेही निदानाचा भाग आहे. मेंदूच्याच आधारपेशींपासून झालेली गाठ, म्हणजे ग्लायोमा, बहुधा मऊपणे पसरते. शरीरात इतरत्र झालेल्या कॅन्सरची मेंदूत आलेली गाठ कणाकणांनी पसरते. मज्जातंतूच्या आवरणाची गाठ, श्वानोमा, पसरायलाच तयार होत नाही. मग रंग द्यायचा. टोल्युडीन ब्लूने मिनिटभरात प्राथमिक अंदाज येतो. हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन यांना आठ-दहा मिनिटे लागतात, पण चित्र अधिक विश्वासाचे मिळते. एखादी स्लाइड मी मुद्दाम हवेत वाळवून जिम्सा रंगासाठी ठेवते, कारण लिम्फोमाच्या, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरच्या, पेशी त्यात चांगल्या उठून दिसतात.

मायक्रोस्कोपमध्ये काय दिसते, हे संपूर्ण सांगायचे तर फार होईल, म्हणून निर्णायक ठरणाऱ्या काही खुणा सांगते. ॲस्ट्रोसायटोमा या ग्लायोमाच्या एका प्रकारात पार्श्वभूमीवर बारीक तंतूंचे जाळे असते आणि त्यात लांबट, कोनदार, गडद केंद्रके विस्कळीतपणे विखुरलेली असतात. नुसती प्रतिक्रिया म्हणून वाढलेल्या आधारपेशी असल्या तर त्या ताऱ्यासारखे भरपूर फाटे फुटलेल्या आणि एकमेकींपासून सारख्या अंतरावर असतात. ॲस्ट्रोसायटोमात मृत भाग आणि गुंतवळासारख्या वाढलेल्या रक्तवाहिन्या दिसल्या की वरच्या ग्रेडचा विचार करावा लागतो. ऑलिगोडेंड्रोग्लायोमा या दुसऱ्या प्रकाराची केंद्रके गोल आणि एकसारखी असतात. पुस्तकात त्यांच्याभोवती दाखवलेले पांढरे वलय मात्र स्क्वॉशमध्ये दिसत नाही, कारण ते फॉर्मॅलिनमध्ये ठेवल्यानंतर तयार होते. नवशिक्या डॉक्टरांची इथे फसगत होते. बाहेरून आलेल्या कॅन्सरच्या पेशी घट्ट पुंजक्यांत असतात आणि पुंजक्यांमध्ये तंतूंचे जाळे नसते. लिम्फोमाच्या पेशी सुट्या असतात, त्यांची केंद्रके ठळक दिसतात आणि त्या रक्तवाहिन्यांभोवती जमलेल्या आढळतात.

ही पद्धत नवी किंवा प्रायोगिक नाही. अमेरिकन न्यूरोसर्जन हार्वे कुशिंग यांच्या सहकारी लुईस आयझेनहार्ट यांनी मेंदूच्या गाठीच्या ताज्या पेशी दाबून पसरवून ऑपरेशन चालू असताना ओळखण्याची रीत १९३० मध्ये कुशिंग यांच्यासह प्रसिद्ध केली, आणि १९३७ मध्ये इंग्लंडमध्ये डोरोथी रसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ओली स्लाइड लगेच स्थिर करून रंगवण्याची रीत मांडली. आज आम्ही करतो ती याच रीतीची पुढची रूपे आहेत. तिला महागडे यंत्र लागत नाही, म्हणून सोलापूरसारख्या शहरातही ती मुंबईइतकीच चांगली होऊ शकते. लागतो तो पाहणाऱ्याचा सराव.

आता एक अनुभव सांगते, कारण पेशी लगेच पाहिल्याने केवळ वेळ वाचतो असे नाही, पुढचा मार्गच बदलतो. काही वर्षांपूर्वी एका शेतमजूर बाईंची अशीच बायोप्सी होती. वय पस्तिशीचे, कडेने कॉन्ट्रास्ट घेणारी गाठ, भोवती सूज. एमआरआय पाहून सर्जनच्या आणि माझ्याही मनात वरच्या ग्रेडचा ग्लायोमा होता. पहिल्या तुकड्याच्या स्लाइडवर रवाळ गुलाबी पदार्थ होता, एकाही पेशीची कड शाबूत नव्हती. मी आत कळवले की हा मधला मृत भाग आहे, कडेचा द्या. सर्जननी सुई काही मिलिमीटर मागे घेऊन दुसरा तुकडा दिला. त्यात चपलेच्या तळव्यासारख्या लांबट केंद्रकांच्या फिकट पेशींचे पुंजके होते, भोवती लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) होते, आणि एका कोपऱ्यात घोड्याच्या नालासारखी केंद्रके मांडलेली एक मोठी पेशी होती. हे क्षयाचे चित्र होते. लगेच तिसरा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये न टाकता निर्जंतुक बाटलीत घेतला आणि कल्चर (जंतू वाढवून पाहणे) व जीनएक्सपर्ट (क्षयाच्या जंतूची जनुकीय चाचणी) यांसाठी पाठवला. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, त्यामुळे सगळे तुकडे तिथे गेले असते तर कोणत्या औषधाला जंतू दाद देतील हे कळण्याची वाट बंद झाली असती. त्या बाईंना रेडिएशनची नव्हे तर क्षयाच्या औषधांची गरज होती. आपल्या भागात क्षयाची गाठ ही शक्यता कधीही विसरता येत नाही. हीच गोष्ट पुवाची: सुईतून पू आला आणि स्लाइडवर तो पक्का झाला, तर सर्जन त्याच वेळी पू काढून घेतात, म्हणजे बायोप्सी तिथेच उपचार होते. लिम्फोमाचा संशय आला तर थोडे ताजे नमुने फ्लो सायटोमेट्रीसाठी, म्हणजे पेशींवरच्या खुणा यंत्राने मोजण्यासाठी, राखता येतात.

मग एवढे कळत असेल तर तेवढ्यावरच उपचार का सुरू करू नयेत? आपल्या वडिलांच्या कामातले उदाहरण घेते. सोलापुरी चादरीतून एक धागा उपसून बोटांत धरला तर तो कापसाचा आहे का, जाड आहे की बारीक, पीळ कसा आहे, हे नीट कळते, किंबहुना विणलेल्या चादरीत कळते त्याहून स्पष्ट कळते. पण नक्षी कोणती होती हे त्या धाग्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी चादर पसरून पाहावी लागते. स्क्वॉशमध्ये पेशी संपूर्ण दिसते, फाट्यांसकट दिसते, कारण ती कापलेली नसते. पॅराफिन ब्लॉकचा, म्हणजे मेणात बसवलेल्या तुकड्याचा, काप तीन-चार मायक्रॉनचा असतो, त्यात पेशीची चकतीच येते, परंतु पेशी एकमेकींशी कशा मांडल्या आहेत, निरोगी मेंदूत कशा शिरल्या आहेत, मृत भागाभोवती कशा रांगेने उभ्या आहेत, ही वीण तिथेच कळते.

शिवाय आज गाठीचे नाव नुसत्या दिसण्यावरून ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणानुसार प्रौढांतील पसरणाऱ्या ग्लायोमाचे नाव ठरवताना आयडीएच या जनुकात बदल आहे की नाही हे पाहावेच लागते. बदल असेल तर ॲस्ट्रोसायटोमा किंवा ऑलिगोडेंड्रोग्लायोमा, आणि त्यांतला भेद करण्यासाठी एटीआरएक्स हे जनुक व १पी/१९क्यू हे गुणसूत्रांचे भाग यांची तपासणी. बदल नसेल आणि मृत भाग, वाढलेल्या रक्तवाहिन्या किंवा ठराविक जनुकीय खुणा आढळल्या तर ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे अतिशय आक्रमक ग्लायोमा. या शेवटच्या मुद्द्याचा सुईच्या बायोप्सीला मोठा आधार झाला आहे: तुकडा लहान असल्यामुळे त्यात मृत भाग आला नाही, तरी टर्ट किंवा ईजीएफआर या जनुकांतील ठराविक बदल सापडला तर गाठीचे खरे स्वरूप उघड होते. थॅलॅमस मेंदूच्या मध्यरेषेवर येतो, म्हणून वडिलांच्या तुकड्यावर एच३ के२७एम या जनुकीय बदलाची तपासणीही बहुधा करावी लागेल. एमजीएमटी या जनुकाची तपासणी टेमोझोलोमाइड या कॅन्सरच्या गोळ्यांचा उपयोग किती होईल याचा अंदाज देते. हे सगळे त्याच शेवईएवढ्या तुकड्यांवर करायचे असते, म्हणून स्क्वॉशसाठी मी कणभरच घेते आणि उरलेले सगळे ब्लॉकसाठी राखते. फॉर्मॅलिनमध्ये मुरणे, रात्रभराची प्रक्रिया, ब्लॉक, काप, पहिला रंग यांत दोन-तीन दिवस जातात. आयएचसीला, म्हणजे पेशींतील ठराविक प्रथिने रंगवून दाखवणाऱ्या तपासणीला, आणखी दोन-तीन दिवस लागतात. जनुकीय तपासणी पुण्या-मुंबईला पाठवावी लागली तर आठवडा त्याहून वर जातो. आपल्याला सांगितलेले दहा-बारा दिवस असे होतात.

घाईने दिलेल्या शब्दाची किंमत काय असते, हे मी सुरुवातीच्या वर्षांत एका दुसऱ्या गावी काम करताना शिकले. एका तरुण मुलीच्या मेंदूच्या पांढऱ्या भागात एकच मोठी गाठ होती. त्या दिवशी स्क्वॉशची स्लाइड टेबलावर पंख्याखाली राहून वाळली, म्हणून मी ती बाजूला ठेवली आणि उरलेल्या तुकड्याचा फ्रोझन, म्हणजे गोठवून केलेला काप, पाहून मत दिले. मेंदूत पाण्याचे प्रमाण तीन-चतुर्थांशाहून अधिक असते. गोठवताना त्याचे स्फटिक होतात आणि केंद्रके वेडीवाकडी दिसतात. दाटीने असलेल्या मोठ्या पेशी पाहून मी ‘ग्लायोमा, बहुधा वरच्या ग्रेडचा’ असे सांगितले. चार दिवसांनी ब्लॉकवर दिसले की त्या पेशी मॅक्रोफेज, म्हणजे सफाई करणाऱ्या पेशी होत्या. मॅक्रोफेजची खूण दाखवणाऱ्या सीडी६८ने त्या ठळक रंगल्या. मज्जातंतूंवरचे मायलिन गेले होते, पण तंतू शाबूत होते. तो कॅन्सर नव्हताच, मायलिन नष्ट करणारा आजार होता. रेडिएशन सुरू झालेले नव्हते हे त्या मुलीचे नशीब, परंतु तिच्या आईवडिलांनी ते चार दिवस माझ्या शब्दामुळे कसे काढले असतील, याची मला आजही खंत आहे. वेळेवर अल्कोहोलमध्ये गेलेल्या स्क्वॉशमध्ये मॅक्रोफेज लपत नाही: त्याची कड स्पष्ट असते, आतला भाग फेसाळ असतो, फाटे नसतात. तेव्हापासून स्लाइडवर भरपूर मॅक्रोफेज दिसले की मी ग्लायोमा हा शब्द उच्चारत नाही, आणि एमआरआय, वय व चालू औषधे समजल्याशिवाय मत देत नाही. स्लाइडवर सौम्य चित्र आणि एमआरआयमध्ये आक्रमक गाठ असे जुळेनासे झाले, तर बहुतेक वेळा जागा चुकलेली असते. मग मी दुसरा तुकडा मागते.

परिस्थितीवर अवलंबून असलेल्या काही गोष्टी आहेत. गाठ सुरक्षितपणे काढता येण्याजोगी असेल तर नुसत्या सुईपेक्षा ती काढणेच बहुधा योग्य ठरते, पण थॅलॅमससारख्या जागी तसा पर्याय क्वचितच असतो. वडील ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेत असतील, तर ते किती दिवस आधी थांबवायचे हे सर्जन आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतील. आपण स्वतःहून बंद करू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्टेरॉइड. लिम्फोमाची शक्यता असेल तर बायोप्सीआधी सूज उतरवण्यासाठी दिलेल्या डेक्सामिथासोन या स्टेरॉइडने त्या पेशी विरघळून जाऊ शकतात, आणि मग सुई योग्य जागी जाऊनही हाती नुसते मॅक्रोफेज आणि लिम्फोसाइट येतात. सूज जिवावर बेतत असेल तर अर्थातच ते द्यावेच लागते, परंतु दिले असेल तर पॅथॉलॉजिस्टला तसे कळले पाहिजे.

सुई लागल्याने गाठ पसरते, या भीतीबद्दल: सुईच्या मार्गात गाठीच्या पेशी रुजल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, पण त्या अत्यंत विरळ आहेत. या भीतीने बायोप्सी टाळली तर नाव माहीत नसलेल्या गाठीवर अंदाजाने उपचार करण्याची वेळ येते, आणि तो धोका कितीतरी मोठा आहे. खरी काळजी रक्तस्रावाची करायची. तो झाला तरी बहुतेकदा लहान असतो आणि त्रास देत नाही. हातपाय लुळे पडण्याइतका किंवा जिवावर बेतणारा रक्तस्राव थोड्याच जणांत होतो, पण ती शक्यता शून्य नाही, आणि खोल जागी ती सर्जननी आपल्याला स्पष्ट सांगितली पाहिजे. बायोप्सीनंतर सीटी स्कॅन करतात तो याच कारणासाठी.

सुईऐवजी पाठीतून पाणी काढून पेशी तपासता येणार नाहीत का, असेही पुष्कळ जण विचारतात. मेंदूतील दाब वाढलेला असताना पाठीतून पाणी काढणे धोक्याचे आहे, आणि बहुतेक ग्लायोमाच्या पेशी त्या पाण्यात उतरतही नाहीत. लिम्फोमा किंवा मेंदूच्या आवरणांवर पसरलेला कॅन्सर अशा ठराविक प्रसंगीच पाठीतल्या पाण्याच्या तपासणीचा उपयोग होतो. मानेच्या गाठीला करतात तशी नुसती बारीक सुईची तपासणी मेंदूत पुरेशी नसते, कारण एकदा छिद्र पाडून आत गेल्यावर वर सांगितलेल्या सगळ्या तपासण्यांना पुरेल असा तुकडा आणणेच शहाणपणाचे.

तेव्हा आपण करायचे ते एवढेच. बायोप्सीच्या आधी सर्जनना विचारा की ऑपरेशन चालू असताना पॅथॉलॉजिस्ट हजर असतील का, आणि एमआरआयच्या फिल्म त्यांच्यापर्यंत पोचल्या आहेत का. क्षयाची शंका आली तर वेगळा नमुना राखला जाईल का, हेही विचारा. त्या दुपारी कोणी बाहेर येऊन ‘ग्लायोमासारखे वाटते’ असे म्हणाले, तर त्याचा अर्थ सुई नेमक्या जागी पोचली असा घ्या, अंतिम नाव म्हणून घरी सांगू नका. रिपोर्ट आल्यावर स्क्वॉशच्या स्लाइड, ब्लॉक आणि ब्लॉकच्या स्लाइड मागण्याचा आपल्याला अधिकार आहे. दुसरे मत घेण्यासाठी रात्रीच्या गाडीने मुंबईला जाणार असाल, तर ब्लॉक उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत ठेवू नका, मेण मऊ पडते. स्लाइड डबीत घालूनच न्या.

वडिलांना डेक्सामिथासोन सुरू झाले आहे का, झाले असल्यास कोणत्या तारखेपासून, आणि एमआरआयच्या रिपोर्टमध्ये शेवटी कोणकोणत्या शक्यता लिहिल्या आहेत, हे आपण लिहिलेले नाही. तेवढे कळवलेत तर त्यांच्या बाबतीत सर्जनशी नेमके काय बोलावे, हे मला अधिक स्पष्टपणे सांगता येईल.